पाय डोळ्यानं, चेंडू कानानं

इंगोले सरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते सव्वासहा फुटी गोऱ्या माणसाला हाताने मागे सरकवत होते. वेलिंग्टनजवळच्या अप्पर हटमधलं मैदान, शनिवारची सकाळ. माझी मुलगी जुई तेव्हा नऊ वर्षांची होती आणि तिचा सॉफ्टबॉलचा पहिलाच सीझन होता. सॉफ्टबॉल ही बेसबॉलची धाकटी बहीण, चेंडू खालून टाकतात, मारला की बॅट फेकून पळतात, यापलीकडे मला काही कळत नव्हतं. त्या दिवशी अंपायर आलाच नव्हता. अशा वेळी इथे पालकांपैकी कुणीतरी उभं राहायचं असतं, आणि नेमकी तेव्हाच सगळ्या पालकांच्या बुटांची नाडी सुटते. मीसुद्धा खाली वाकले होते, पायात जँडल्स, म्हणजे रबरी स्लिपर, असताना.

तेवढ्यात कानटोपी घातलेले, स्वेटरवर स्वेटर चढवलेले एक आजोबा पुढे आले. गर्दीत मराठी दिसणारं तोंड माझंच. मला म्हणाले, "पोरी, यांना सांग, मी अमरावतीचा अंपायर आहे म्हणून." मी सांगितलं. अमरावती हे गाव आहे की पदवी, ते कुणाला कळलं नाही, पण सगळ्यांच्या नाड्या पटापट बांधून झाल्या. सरांनी एका खिशातून अंगठ्याने आकडे फिरवायचा क्लिकर काढला आणि दुसऱ्यातून दाढीचा ब्रश. मग फार पुढे येऊन उभ्या राहिलेल्या त्या उंच बाबाला त्यांनी मागे सरकवलं, होम प्लेटपाशी गेले आणि खाली बसून ब्रशने ती झटकू लागले.

होम प्लेट म्हणजे जमिनीत बसवलेली पांढरी पाटी. बॅट घेऊन तिच्यापाशी उभं राहायचं आणि सगळे बेस फिरून परत तिच्यावरच यायचं. सर ती झटकताना दर वेळी तोंड प्रेक्षकांकडे करून बसायचे. प्रेक्षक म्हणजे आम्ही दहाबारा आईबाप आणि दोन कुत्री. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "ज्यांच्यासाठी खेळ आहे त्यांच्याकडे पाठ करून वाकायचं नाही." कुत्र्यांचाही मान ठेवणारा अंपायर मी तोवर पाहिला नव्हता.

यंदा इथल्या हिवाळ्यात, म्हणजे जुलैत, सर अमरावतीला वारले. निखिलने, त्यांच्या मुलाने, फोनवर सांगितलं. जुई आता पंधरा वर्षांची आहे. तिच्या किटबॅगच्या तळाशी सरांचा क्लिकर पडलेला असतो, आणि बॅग उचलली की तो आतल्या आत खडखडतो. मला त्यांची फार आठवण येते. माणूस आपला कुणी नव्हता, दर वर्षी ऑक्टोबर ते मार्च एवढाच वाट्याला यायचा, तरी येते.

ते शाळेत पी.टी.चे मास्तर होते आणि अमरावतीच्या बाजूला सॉफ्टबॉल जोरात, म्हणून अंपायर. बायको गेल्यावर निखिल आणि सून श्वेता त्यांना इकडे बोलवायला लागले. इथे येणाऱ्या आईवडिलांचे दिवस कसे जातात ते मी पुष्कळ पाहिलंय. सकाळी नदीकाठी फेरी, दुपारी मालिका, संध्याकाळी सून स्टेशनवर कधी उतरते याची वाट. सरांना मात्र इथे उतरल्या उतरल्या उद्योग मिळाला. दुसऱ्याच शनिवारी क्लबच्या अंपायरांचा म्होरक्या ग्रॅहम, निवृत्त ट्रेन ड्रायव्हर, त्यांना भेटला, त्याने 'इंगोले'चं 'इंगो' करून टाकलं आणि अंगावर क्लबचा निळा शर्ट चढवला. शर्ट स्वेटरच्या वरून घातला गेला, ही गोष्ट वेगळी.

सरांची एक खोड अशी की कशाचंही उत्तर ते लगेच देत नसत. "सर, चहा घेणार?" असं विचारलं तरी ते दोन श्वास थांबायचे. फोनवर तर लोकांना वाटायचं, लाइन कट झाली. दिवाळीच्या वर्गणीपासून श्वेताने केलेल्या उकडीच्या मोदकांपर्यंत प्रत्येक निकाल त्या दोन श्वासांनंतर. श्वेता वैतागून म्हणायची, "बाबा, मोदक आहे तो, कोर्टकेस नाही." त्यावरही ते दोन श्वास थांबायचे आणि मग म्हणायचे, "चांगला आहे. पारी थोडी जाड राहिली." आधी थांबायचं, मग बोलायचं. मैदानावरच्या पोरींनाही त्यांनी हेच शिकवलं. जुईला मी ओरडायला लागले की ती मला शांतपणे सांगायची, "आई, वेट, देन टॉक. सर सेज."

दुसरं त्यांचं वाक्य म्हणजे 'पाय डोळ्यानं, चेंडू कानानं.' हा त्यांच्या धंद्यातला मंत्र होता. पळणारी पोरगी आधी पहिल्या बेसवर पोचली की चेंडू आधी तिथल्या फील्डरच्या ग्लव्हमध्ये आला, हे ठरवायचं असतं. दोन्ही एकाच वेळी बघता येत नाही. म्हणून अंपायर नजर बेसवर ठेवतो, पाय कधी पडला ते बघतो, आणि चेंडू ग्लव्हमध्ये बसल्याचा 'थप्प' आवाज कानांनी टिपतो. आवाज आधी तर आऊट, पाय आधी तर सेफ. आऊट म्हणजे उजवी मूठ वर. सेफ म्हणजे किंचित वाकून दोन्ही हात छातीपासून बाजूंना सपाट पसरायचे. सरांचा सेफ बघण्यासारखा असायचा. भाताचं ताट ठेवायला कुणीतरी मोठं टेबल पुसून द्यावं तसे हात पसरायचे.

अमेरिकेतल्या मोठ्या बेसबॉल लीगने त्याच सुमारास व्हिडिओ बघून अंपायरचे निर्णय तपासायला सुरुवात केली. निखिलच्या टीव्हीवर ते सामने भर दुपारी लागायचे. सर वहीपेन घेऊन बसत. निर्णयावर वाद झाला की तिथले अंपायर मैदानाच्या कडेला जाऊन कानाला हेडफोन लावतात, दूर कुठल्याशा खोलीत बसलेली माणसं व्हिडिओ पुन्हापुन्हा बघतात आणि फोनवर निकाल सांगतात. सर ते बघताना क्लिकर हातात घट्ट धरून बसलेले असायचे. एकदा मी डबा परत करायला गेले होते तर म्हणाले, "पाह्य, पाह्य. एवढा मोठा अंपायर, चूक झाली तर दोन मिनिटात सुटून राहिला."

सुटून राहिला. तो शब्द मला तेव्हाच खटकला होता, पण मी डबा ठेवून निघून आले.

ग्रॅहमला हे रिप्ले प्रकरण मुळीच पसंत नव्हतं. सामना संपला की दोघे बाकावर बसायचे. ग्रॅहमच्या हातात ब्रेडमधलं सॉसेज, सरांच्या हातात ब्रेडमधला नुसता परतलेला कांदा. दोघांना एकमेकांचं इंग्रजी निम्मंच कळायचं, त्यामुळे भांडण छान रंगायचं. ग्रॅहमचं म्हणणं, अंपायर चुकतो हा खेळाचाच भाग आहे, मेट. पाऊस पडतो, वारा सुटतो, अंपायर चुकतो. लोकांना एकदा टीव्ही दाखवायला लागलो की उद्या मैदानावर उभं कोण राहणार? सर दोन श्वास थांबून म्हणायचे, "खेळ सहा वाजता संपते, ग्रॅहम. ज्याच्यावर चुकले त्याचं नाही संपत." हे त्यांनी इंग्रजीत कसं सांगितलं ते मला आठवत नाही. ग्रॅहमचं उत्तर मात्र ठरलेलं होतं, "याह, नाह." म्हणजे नाहीच.

मलाही आपलं ग्रॅहमचंच पटायचं. खेळ तो खेळ.

मग तो शनिवार आला. दोन्हीकडच्या पोरी अकराबारा वर्षांच्या, शेवटची इनिंग, एकेक धावेसाठी आईबापांचा घसा बसलेला. समोरच्या टीमची एक बारीकशी पोरगी पहिल्या बेसकडे पळाली. सर प्लेटमागून धापा टाकत अर्ध्यापर्यंत आले, थांबले आणि त्यांची मूठ वर गेली. आऊट. सामना संपला, आमच्या पोरी जिंकल्या. तेवढ्यात त्या पोरीचा बाप टॅबलेट घेऊन कुंपणापाशी आला. त्याने सगळं शूट केलं होतं. इथली माणसं सहसा आवाज चढवत नाहीत, त्यानेही चढवला नाही. नुसता टॅबलेट पुढे धरला.

ग्रॅहम लांबून ओरडला, "इंगो, बघू नकोस."

सरांनी चष्मा पुसला आणि बघितलं. पुन्हा लावायला सांगितलं, पुन्हा बघितलं. पोरीचा पाय बेसवर होता आणि चेंडू अजून हवेत होता. ते त्या पोरीकडे गेले, तिच्यासमोर गुडघ्यावर बसले आणि म्हणाले, "यू वेअर सेफ. आय वॉज राँग. सॉरी, बेटा." पोरीने मान हलवली, "स्वीट अ‍ॅज" म्हणाली, म्हणजे 'काही हरकत नाही', आणि बर्फाची कांडी आणायला कोपऱ्यावरच्या दुकानाकडे पळाली. निकाल बदलत नाही, तो बदललाही नाही. ग्रॅहम आठवडाभर सरांशी बोलला नाही. अंपायरने कुंपणापाशी जाऊन टॅबलेट बघितला, हे त्याला चोरीपेक्षा वाईट वाटलं होतं.

परत येताना सर माझ्या गाडीत पुढे बसले होते. जुई मागे हेडफोन लावून. रिमुटाका रोडच्या सिग्नलला ते म्हणाले, "मला आवाज आलाच नाही, पोरी."

"कसला आवाज, सर?"

"चेंडूचा. वर्षभर झालं. अंदाजानं देऊन राहिलो होतो." मग सिग्नल सुटल्यावर म्हणाले, "दुसऱ्यांदा."

पहिल्यांदा काय झालं होतं ते त्यांनी त्या दिवशी आमच्या गॅरेजसमोर, गाडीतून न उतरता सांगितलं. नव्वदच्या आसपासची गोष्ट. ज्युनिअर कॉलेजच्या मुलींची जिल्ह्याची फायनल. सुनंदा नावाची एक पोरगी, सरांच्या शाळेतून गेलेली, सरांनीच बॅट धरायला शिकवलेली. तिच्या वडिलांनी कबूल केलं होतं की जोवर जिंकते आहेस तोवर खेळ आणि शिक, हरलीस की घरी. शेवटची इनिंग, ती पहिल्या बेसकडे पळाली. सर बेसच्या बाजूलाच उभे होते. नेमके त्या क्षणी बक्षीस समारंभासाठी आणलेले ढोल कुणीतरी वाजवायला घेतले, कारण प्रमुख पाहुण्यांना घाई होती आणि ते उठायला लागले होते. 'थप्प' ऐकूच आलं नाही.

"आवाज नाही आला तर काय करायचं?" सर म्हणाले. "थांबायचं. दुसऱ्या अंपायरला विचारायचं. पण साहेब उठून राहिले होते, सेक्रेटरी घड्याळ दाखवून राहिला होता. मी मूठ वर केली. आऊट."

सुनंदाचं कॉलेज त्या आठवड्यातच सुटलं. सहा महिन्यांनी ती त्यांना बस स्टँडवर भेटली, गळ्यात मंगळसूत्र, हातात पिशवी. वाकून पाया पडली. "सर, बरे आहात?" एवढंच विचारलं.

"आधी थांबायचं हे मला कोणी शिकवलं नाही," सर म्हणाले. "ते त्या दिवसानंतर सुरू झालं."

ते दोन श्वास कुठून आले होते ते मला त्या दिवशी कळलं, आणि मोदकांवरच्या थट्टेला मीही हसले होते त्याची लाज वाटली.

पुढच्या सीझनला निखिलने त्यांच्या दोन्ही कानांना यंत्रं बसवून आणली. सरांनी मोठ्या सामन्यांना उभं राहणं आपणहून सोडलं. ग्रॅहमने नको नको म्हटलं, पण त्यांनी ऐकलं नाही. मग ते सहा वर्षांच्या पोरांच्या टी-बॉलला उभे राहू लागले. तिथे चेंडू काठीवर ठेवलेला असतो आणि कुणीच आऊट होत नाही. सगळे गोल फिरून परत येतात. सर प्रत्येक पोराला हात पसरून सेफ द्यायचे. पोरं खूश, आईबाप खूश. मला ते बघवत नसे.

सुनंदाच्या त्या फायनलची एक व्हिडिओ कॅसेट होती. प्रमुख पाहुणे येणार म्हणून कॉलेजने लग्नाचं शूटिंग करणाऱ्याला बोलावलं होतं. सर कित्येक वर्षं ती शोधत होते. निखिल म्हणायचा, "बाबा, लेट इट गो आता. काय करणार आहात बघून?" सर त्यावर दोन श्वासच काय, दोन दिवस उत्तर देत नसत. शेवटी अमरावतीच्या पुतण्याने त्या शूटिंगवाल्याच्या मुलाच्या माळ्यावरून ती कॅसेट शोधून काढली, कुठूनतरी कॉम्प्युटरवर उतरवली आणि पाठवली. निखिलपुढे बघायला नको म्हणून सर आमच्याकडे आले. सोबत सुनंदाचा फोन नंबरही होता, पुतण्यानेच मिळवलेला. दर्यापूरला तिचा शिवणाचा क्लास आहे म्हणे. नंबर लिहिलेला कागद त्यांनी चष्म्याच्या घरात घडी करून ठेवला होता. "आधी पाहतो," ते म्हणाले. "खरं काय ते कळलं की मग फोन करतो. आऊट असली तर प्रश्नच मिटला. सेफ असली तर माफी मागतो."

रविवारची दुपार होती. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, सरांचा अर्धा कप चहा. चित्र पिवळट आणि थरथरतं. पहिली वीस मिनिटं नुसते पाहुणे. पाहुण्यांना हार, पाहुण्यांचा नारळ, पाहुण्यांच्या हातात सोड्याची बाटली. मधूनमधून सामना. मग दोन वेण्या घातलेली एक पोरगी बॅट घेऊन उभी राहिली आणि सर माझ्याकडे न बघता म्हणाले, "हीच." तिने चेंडू मारला, ती पळाली, कॅमेरा तिच्यामागून पळाला. फील्डरने चेंडू उचलून फेकला. ढोल सुरू झाले. आणि कॅमेरा गर्रकन वळला. पडद्यावर पाहुणे खुर्चीतून उठत होते आणि रुमालाने कपाळ पुसत होते.

लग्नाचा फोटोग्राफर तो. घरच्या मोठ्या माणसाने हालचाल केली की कॅमेरा तिकडे न्यायचा, एवढंच त्याला शिकवलेलं.

पाहुण्यांनी शांतपणे सगळं कपाळ पुसलं. मग कॅमेरा परत मैदानावर आला. तोवर सगळं झालं होतं. पांढऱ्या शर्टातले तरुण सर मूठ खाली घेत समारंभाच्या टेबलाकडे निघाले होते. त्यांच्या मागे ती पोरगी बेसवर उभी होती. एक पाय बेसवर तसाच. ती सरांच्या पाठीकडे बघत होती. टीममधल्या पोरी तिला ओढत होत्या आणि ती हलत नव्हती. शूटिंगवाल्याला काय वाटलं कुणास ठाऊक, त्याने पुष्कळ वेळ तिलाच धरून ठेवलं.

सरांनी ते तेवढंच परत लावायला सांगितलं. मग परत. कानातली यंत्रं काढून टेबलावर ठेवली आणि आवाज नसतानाच पुन्हा बघितलं.

"ही एवढा वेळ उभी होती," ते म्हणाले. "मला माहीतच नाही. मी पाठ फिरवली होती." चहा तसाच राहिला. मला रडू येत होतं आणि मी उगाच साखर लागेल का विचारत होते.

तो मार्च महिना होता. परत जायच्या आदल्या दिवशी सरांचा फोन आला, "पोरी, मैदानावर सोडते का जरा?" सीझन संपला होता. बेस काढून क्लबच्या कपाटात गेले होते, फक्त होम प्लेट जमिनीत होती. मी गाडी कुंपणाशी लावली आणि आतच बसून राहिले. सर प्लेटपाशी गेले, खिशातून ब्रश काढून ती झटकली. तोंड माझ्याकडे करून, कारण प्रेक्षक मीच होते. मग पावलं मोजत मोजत जिथे पहिला बेस असतो तिथे गेले आणि त्या रिकाम्या मातीसमोर उभे राहिले. इथे चार वाजले होते, म्हणजे तिकडे सकाळचे साडेआठ. त्यांनी चष्म्याच्या घरातून कागद काढला आणि फोन कानाला लावला.

ते फार थोडं बोलले. बराच वेळ ऐकत होते. मधे एकदा कपाळाला हात लावला, एकदा हसल्यासारखे दिसले. फोन खिशात ठेवल्यावरही ते हलले नाहीत. वारा सुटला होता, मैदानावरची धूळ त्यांच्या पायांवरून जात होती. मी मनात मोजायला लागले आणि मग मोजणं सोडून दिलं. मग ते किंचित वाकले आणि त्यांनी दोन्ही हात छातीपासून बाजूंना सपाट पसरले. तसेच उभे राहिले, त्या मातीकडे तोंड करून.

गाडीत बसल्यावर त्यांनी आधी पट्टा लावला. मी विचारलं, "काय म्हणाली?"

दोन श्वास. "आधी विचारलं, सर, चहा झाला का. मग म्हणे, सर, मी आऊटच होती. आवाज मी ऐकला होता, चेंडू आधी आला. तुम्ही बरोबर दिलं. मनाला लावून घेऊ नका."

"मग बरं झालं ना, सर."

"खोटं बोलते," ते म्हणाले. "आऊट झालेली पोरगी एवढा वेळ बेसवर उभी राहत नाही."

"आणि खरं असेल तर? मग तुम्ही सेफ का दिलंत?"

वाटेतलं रेल्वेचं फाटक बंद होतं. वेलिंग्टनकडे जाणारी गाडी आली आणि गेली, फाटक उघडलं, मी क्लच सोडला. मला वाटलं, यंत्राची बॅटरी गेली असेल, त्यांना ऐकू आलं नसेल.

"या वेळी थांबून दिलं," सर म्हणाले.